आरतीच्या यादीत आमचं नाव

प्रिय ताई,
पिंपरीतली आमची सोसायटी 28 घरांची. आम्ही बौद्ध. आडनावावरून ते कळत नाही आणि आम्हीही कधी सांगितलं नाही. यंदा गणपतीत रोज एका जोडप्याच्या हातून आरती करायची असं ठरलंय. पाचवा दिवस आमचा. सासरे 1956 साली नऊ वर्षांचे असताना वडिलांचं बोट धरून नागपूरला धम्मदीक्षेला गेले होते. ते आरतीचं नाव काढू देत नाहीत. नवरा म्हणतो, दहा मिनिटांचं तर काम, ताट ओवाळून येऊ. आठ वर्षांच्या मुलाला मोदकही हवेत आणि लेझीमही. त्या दिवशी ‘मला अडचण आहे’ असं सांगून सुटू का?
— एक वाचक

अगं, अडचण तुला आहेच, फक्त तू सांगणार आहेस ती नव्हे.

विटाळ न मानणाऱ्या घरातल्या बाईने विटाळाच्याच आडोशाला लपायचं? शिवाय कमिटीतल्या काकू तयारीच्या असतात. ‘हरकत नाही, मग सातव्या दिवशी या,’ म्हणतील. तेव्हा काय सांगशील?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात गणपतीपेक्षा आडनावच जास्त आहे. ‘आम्ही आरती करत नाही’ म्हटलं की ‘का हो?’ येणार आणि त्यामागून ‘अच्छा, म्हणजे तुम्ही...’ एवढंच, अर्धवट. तू घाबरतेस ती त्या अर्ध्या वाक्याला, आणि नवऱ्यालाही बहुधा तेच टाळायचंय. ही भीती फुकाची आहे असं मी म्हणणार नाही. मी स्वतः आरतीत टाळ कुटत वाढले. आमच्या चाळीतलं एक बिऱ्हाड कधीच खाली का येत नाही, हे विचारावंसंही मला वाटलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी खोली सोडून दोन वर्षं झाली होती.

सासऱ्यांचं म्हणशील तर बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली तिसरी गौरी-गणपतीचंच नाव घेते: त्यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. नवव्या वर्षी दिलेला शब्द ते आजवर पाळत आलेत. त्यांच्या लेखी ते दहा मिनिटांचं ताट नाही.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. नाशिकच्या एका शिक्षकांनी शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडवली होती. 2013 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पण जिन्यात रोज भेटणाऱ्या माणसांना राज्यघटनेतलं धर्मस्वातंत्र्याचं कलम 25 ऐकवू नकोस. ते मनात असू दे, आवाज स्थिर राहतो.

सेक्रेटरींकडे दोघं मिळून जा. ‘आम्ही बौद्ध आहोत, पूजा-आरती करत नाही. आमचा दिवस दुसऱ्या कुणाला द्या. मुलांच्या स्पर्धा किंवा जेवणावळीचं काम आम्हाला सांगा.’ बस. माफी मागायची नाही आणि ‘तसं आमचं काही नाही हो’ असली शेपटीही जोडायची नाही. वर्गणी सांस्कृतिक कार्यक्रमासाठी म्हणून देणं तुमच्या मनाला पटत असेल तर द्या. नसेल तर त्या कामातली मेहनत हीच वर्गणी.

मुलाला लेझीम खेळू दे. मोदकाचं मात्र मी ठरवणार नाही, कारण प्रसाद घेणारी बौद्ध घरंही मी पाहिलीत आणि न घेणारीही. मला विचारशील तर आठ वर्षांच्या पोराच्या हातातला मोदक काढून घेऊ नये. फक्त आजोबा का खात नाहीत, हे त्याला आजोबांच्याच तोंडून ऐकू दे. नागपूरची गोष्ट त्याला कुणी सांगितली आहे का?

आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेला खीर करशील तेव्हा मजल्यावरच्या चार दारांवर वाटी घेऊन जा. एखादं दार वाटी घेईल आणि खीर खाणार नाही, तेही तुला कळेल. आरती चुकवलीस म्हणून रुसणाऱ्या काकू कदाचित रिकामी वाटी परत देताना पाककृती विचारतील. दोन्ही होऊ शकतं.

यादी अजून नोटीस बोर्डावर लागली नसेल तर आजच जा. एकदा ती छापून लागली की नाव खोडावं लागतं, आणि खोडलेलं नाव सगळी सोसायटी थांबून वाचते.
— ताई