खोडून टाकलेलं बरोबर उत्तर

‘मॅडम, गणित समजत नाही, नुसतं पाठ करतो. इंजिनिअरिंग सोडून देऊ का?’ पहिल्या सेमिस्टरची पहिली परीक्षा झाली की हा प्रश्न घेऊन कुणीतरी माझ्याकडे समुपदेशनाला येतंच. त्यातल्या एका मुलाची ही गोष्ट. त्याचं नाव आणि कॉलेज सांगत नाही. गाव चाळीसगावच्या बाजूचं, एवढं मात्र त्याला विचारून ठेवलं आहे, कारण पुढे त्या गावाचं काम पडणार आहे.

पहिल्या दिवशी तो गणिताबद्दल बोललाच नाही. झोप लागत नाही, मेसचं जेवण जात नाही, फोनवर माय विचारते ‘पेपर कसा गेला’ आणि हा कपाशीचं विचारतो. बऱ्याच वेळानं कळलं, की एम-वनला, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या गणिताला, ३० पैकी ६ मिळाले होते. बारावीला याच मुलाला गणितात ऐंशीच्या वर गुण होते.

मी मानसशास्त्राकडे वळण्याआधी गणितात बी.एस्सी. केलं. त्यामुळे अशा वेळी मी वही मागते. फेअर नव्हे, रफ. भीती नक्की कुठल्या ओळीला सुरू होते, ते रफ वहीत दिसतं.

त्याच्या वहीत ते अगदी स्पष्ट दिसलं. मॅट्रिक्सशी जोडलेल्या काही खास संख्या, म्हणजे आयगेन व्हॅल्यू, काढायच्या होत्या. दोन बाय दोनचं मॅट्रिक्स, म्हणजे चार संख्यांचा चौकोन, पहिल्या ओळीत ० आणि उणे १, दुसऱ्या ओळीत १ आणि ०. समीकरण बरोबर मांडलेलं, अक्षर सुबक, ‘लॅम्डाचा वर्ग अधिक १ बरोबर ०’ इथपर्यंत (लॅम्डा म्हणजे ती शोधायची संख्या). त्याखाली मात्र इतकं खोडलं होतं, की कागदाला भोक पडलं होतं.

‘इथं काय झालं?’

‘चुकत होतं, मॅडम. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच आलं.’

‘तेच म्हणजे?’

‘वर्ग उणे १. दहावीत शिकलोय ना, विवेचक ऋण आला तर मुळं वास्तव नसतात. म्हणजे कुठंतरी माझंच चुकलं असणार.’

परीक्षेतही हेच झालं होतं. एका तासाच्या पेपरातली चाळीस मिनिटं त्यानं एक बरोबर उत्तर पुन्हापुन्हा खोडण्यात घालवली होती, आणि येत असलेले बाकीचे प्रश्न कोरे राहिले होते. हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. मुलगा कच्चा नव्हता. त्याचा स्वतःच्या हिशेबावरचा विश्वास गेला होता. दीर्घ श्वासाचे व्यायाम मी त्याला दिले, त्यांचा थोडा उपयोगही झाला, पण त्या भोकाचं उत्तर श्वासात नव्हतं.

‘अकरावीत आय शिकलास ना? उणे १ चं वर्गमूळ?’

‘ते प्रकरण वेगळं होतं, मॅडम. इथं प्रतलातले साधे बाण आहेत. खऱ्या बाणाला काल्पनिक पटीनं ताणणार कसं?’

हा प्रश्न त्यानं वर्गातही विचारला होता. ‘हे परीक्षेला येत नाही, पुढं लिही,’ असं उत्तर मिळालं होतं. त्यानंतर त्यानं वर्गात हात वर केला नाही. समजत नाही म्हणणाऱ्या कितीतरी मुलांकडे असा एक चांगला, अनुत्तरित प्रश्न पडून असतो, आणि मुलं त्यालाच आपला मंदपणा समजतात.

माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता. वरच्या वह्या हातानं बाजूला सरकवल्या, गठ्ठा तिरका झाला. ‘कुठली दिशा बदलली नाही?’ त्यानं पाहून सांगितलं, ‘आडवी. उभी रेघ कलली, आडव्या रेघा आडव्याच आहेत.’ मी म्हटलं, ही आडवी दिशा म्हणजे आयगेन व्हेक्टर. तिची लांबीही तेवढीच राहिली, म्हणून आयगेन व्हॅल्यू १. मॅट्रिक्सनं होणारं रूपांतर सगळ्या बाणांना ढकलतं, त्यातून जो बाण आपल्याच रेषेवर राहतो तो शोधायचा, आणि तो किती पट झाला ते सांगायचं. एवढाच प्रश्न असतो.

‘आता घरचं जातं आठव. वरच्या तळीवर खडूनं मधल्या खिळ्यापासून एक बाण काढ आणि तळी पाव फेरा फिरव. कुठला बाण आपल्या रेषेवर राहिला?’

‘एकही नाही.’

‘आणि तुझं मॅट्रिक्स काय करतं?’

त्यानं (१, ०) हा बाण घातला, (०, १) आलं. (०, १) घातलं, (उणे १, ०) आलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘हे जातंच आहे. पाव फेरा.’

वास्तव मूळ नाही, याचा अर्थ हिशेब चुकला असा नव्हता. जागेवर राहणारी दिशाच नाही, असं ते समीकरण सांगत होतं. मी पुढे विचारलं, पाव फेरा दोनदा दिला तर? अर्धा फेरा. प्रत्येक बाण आपल्याच रेषेवर, पण उलटा, म्हणजे उणे १ पट. मग ज्या क्रियेचा वर्ग उणे १, ती क्रिया कुठली? ‘पाव फेरा!’ हे तो जवळजवळ ओरडलाच. आणि उलट दिशेनं फिरवलेला पाव फेराही तेच करतो, म्हणून आयच्या जोडीला उणे आय. त्या दोघांचे आयगेन व्हेक्टर प्रतलात काढता येत नाहीत, कारण त्यांच्या घटकांतही आय असतो. हेही मी त्याला सांगितलं, नाहीतर तो कागदावर ते बाण शोधत बसला असता.

‘काल्पनिक’ या शब्दानं फार नुकसान केलं आहे, असं माझं मत आहे. जर्मन गणिती गाउसनं १८३१ मध्येच म्हटलं होतं, की १, उणे १ आणि उणे १ चं वर्गमूळ यांना थेट, उलट आणि बाजूचं एकक अशी नावं दिली असती, तर त्यांच्याभोवती एवढा अंधार राहिला नसता. बाजूचं एकक म्हणजे आपला पाव फेराच.

मग मी त्याला विचारलं, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेला आहेस का? दरवर्षी जातो, म्हणाला. त्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणित’ या ग्रंथात लिहिलं, ‘न मूलं क्षयस्यास्ति तस्याकृतित्वात्’. ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नाही. इटालियन गणिती कार्डानोच्या हिशेबात १५४५ मध्ये ५ अधिक-उणे, उणे १५ चं वर्गमूळ असं उत्तर आलं, आणि त्यानं ते निरुपयोगी म्हणून सोडून दिलं. १५७२ मध्ये बोंबेलीनं मात्र ते खोडलं नाही. तशाच मुळांवर नियमानं हिशेब चालवत नेला, तेव्हा ‘क्ष चा घन बरोबर १५ क्ष अधिक ४’ या समीकरणाचं साधं उत्तर ४ हाती लागलं. हा बोंबेली दलदल उपसण्याच्या कामावरचा इंजिनिअर होता. मी म्हटलं, ‘तू जिथं अडलास, तिथं तुझ्याच मुलखाचे भास्कराचार्य थांबले होते. यात लाज कसली?’ त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

परीक्षेसाठी एक शिस्त ठरवली. खोडायचं नाही, पेनानं लिहायचं आणि पडताळा एकदाच घ्यायचा. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज मुख्य कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी, गुणाकार डिटर्मिनंटइतका, म्हणजे तिरक्या जोड्यांच्या गुणाकारांच्या वजाबाकीइतका. आय आणि उणे आय यांची बेरीज ०, गुणाकार १. त्याच्या मॅट्रिक्सशी दोन्ही जुळतं. जुळलं की पुढचा प्रश्न. घाबरलेल्या मुलाला ‘स्वतःवर विश्वास ठेव’ सांगून भागत नाही, विश्वास ठेवायला काहीतरी हातात द्यावं लागतं.

घरी करायला एकच गणित दिलं. पहिल्या ओळीत १ आणि उणे १, दुसरीत १ आणि १. उत्तर १ अधिक-उणे आय आलं. तेच मॅट्रिक्स चार वेळा लावल्यावर प्रत्येक बाण उणे ४ पट झाला. दर वेळी ४५ अंशांचं वळण आणि लांबी २ च्या वर्गमुळाइतकी पट, हे त्यानं स्वतः शोधलं. तो मेकॅनिकलचा, म्हणून झोपाळ्याचंही बोललो. झोका देऊन सोडलेल्या झोपाळ्याच्या समीकरणातही अशीच जोडी येते. काल्पनिक भाग झोका किती झपाट्यानं जातो-येतो ते सांगतो, ऋण वास्तव भाग तो किती लवकर शांत होतो ते सांगतो.

सेमिस्टरच्या परीक्षेत तो पास झाला, गुण मध्यमच. झोप परत आली. इतर काही विषय अजून त्याला जड जातात, त्यावर काम चालू आहे.

जानेवारीत तो वेळ न घेताच आला. दारातूनच म्हणाला, ‘मॅडम, जातं सपाट म्हणून दोनच दिशा धरल्या होत्या. तीन धरल्या तर? मधला खिळा तर हलतच नाही.’ त्यानं वही पुढं केली. तीन बाय तीनचं मॅट्रिक्स, आणि खाली निळ्या पेनानं लिहिलं होतं, १, आय, उणे आय. पानावर कुठंही खाडाखोड नव्हती.