स्नूक हुरख्रोन्ये यांनी तरुण तुर्कांविषयीचे आपले मत बदलले होते का?

आपण विचारले आहे की, 1908 साली तरुण तुर्कांच्या (सुलतानाची एकाधिकारशाही संपवू पाहणाऱ्या तुर्की सुधारकांच्या) क्रांतीचे मनापासून स्वागत करणारे डच प्राच्यविद्यापंडित क्रिस्तियान स्नूक हुरख्रोन्ये 1915 साली त्यांच्यावर एवढे नाराज कसे झाले, आणि त्यांनी आपले मत फिरवले असे म्हणावे का. मी खिलाफत चळवळीचा अभ्यास करताना त्यांच्या लेखनाकडे वळलो आणि माझे मत असे झाले की, सुधारकांना मोजण्याची त्यांची फूटपट्टी दोन्ही वेळी एकच होती. ती त्यांनी इस्तंबूलची क्रांती पाहण्याच्या कितीतरी आधी तयार केलेली होती.

हुरख्रोन्ये 1885 साली अब्दुल गफ्फार या नावाने मक्केत काही महिने राहिले. तेथे जावा-सुमात्राकडून आलेल्या मुस्लिमांचे जीवन त्यांनी जवळून पाहिले. 1889 ते 1906 या काळात ते डच ईस्ट इंडीजमध्ये (आजच्या इंडोनेशियात) सरकारचे सल्लागार होते आणि उत्तर सुमात्रातील आचेच्या रक्तरंजित युद्धात त्यांच्या सल्ल्याला मोठे वजन होते. याच आचेच्या सुलतानाने 1873 मध्ये डचांविरुद्ध तुर्की सुलतानाकडे, म्हणजे मुसलमानांचा खलिफा (धर्मप्रमुख) म्हणवणाऱ्या शासकाकडे, मदत मागितली होती. बटाव्हियातील (आजच्या जाकार्तातील) तुर्की वाणिज्य दूतावासाकडेही डच अधिकारी सतत संशयाने पाहत असत. या अनुभवातून हुरख्रोन्ये यांचे धोरण बनले: धर्म म्हणून इस्लामला पूर्ण मोकळीक द्यावी, पण खलिफाच्या किंवा जिहादच्या नावाने चालणाऱ्या राजकारणाला जराही थारा देऊ नये.

अशा मनाचा माणूस जुलै 1908 च्या अखेरीस इस्तंबूलमध्ये पोहोचला, तेव्हा सुलतान अब्दुल हमीद यांनी तीस वर्षे गुंडाळून ठेवलेली 1876 ची राज्यघटना नुकतीच पुन्हा लागू झाली होती. सुमारे दोन महिने त्यांनी तेथील उत्साह पाहिला आणि पुढच्या वर्षी त्या आठवणी डच भाषेत प्रसिद्ध केल्या. मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू एकमेकांना समान नागरिक म्हणून अभिवादन करत आहेत, हे दृश्य त्यांना विलक्षण मोलाचे वाटले. मुस्लिम राज्यकर्ते स्वतःच्या निर्णयाने मध्ययुगीन कायदा बाजूला ठेवू शकतात, याचा जिवंत पुरावाच त्यांना तेथे मिळाला. हा आनंद खरा होता याविषयी मला शंका नाही. सुलतानाच्या हेरांनी पोखरलेल्या त्या शहरात लोक प्रथमच रस्त्यावर मोकळेपणाने बोलत होते, आणि त्याचे महत्त्व ओळखण्याइतके त्यांचे अरबी व तुर्की जगाचे ज्ञान सखोल होते.

नोव्हेंबर 1914 मध्ये त्याच सुधारकांच्या सरकारने शेख-उल-इस्लामचे (साम्राज्यातील सर्वोच्च धर्माधिकाऱ्याचे) फतवे मिळवून ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाविरुद्ध जिहाद पुकारला. हुरख्रोन्ये यांनी 1915 च्या सुरुवातीस लिहिलेला, ‘जर्मनीत बनलेले पवित्र युद्ध’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख युरोपभर गाजला. त्यातील मुख्य रोष जर्मनीवर, विशेषतः तुर्कांना या मार्गावर ढकलणाऱ्या जर्मन राजकारणावर आणि त्याची पाठराखण करणाऱ्या विद्वानांवर आहे. त्यांचे जुने स्नेही, जर्मन प्राच्यविद्यापंडित कार्ल हाइनरिख बेकर यांनी जाहीर उत्तर दिले आणि दोघांत कटुता आली. सुलतान म्हणजे सगळ्या जगातील मुसलमानांचा पोप ही समजूत युरोपियनांच्या अज्ञानातून वाढली आणि ती खोटी आहे, हा हुरख्रोन्ये यांचा मुद्दा अभ्यासू आणि आजही वाचण्यासारखा आहे. 1774 च्या कुचुक कायनार्जा तहात क्रिमियाच्या मुसलमानांवर सुलतानाचा धार्मिक अधिकार मान्य झाला, तेथून या समजुतीला राजनैतिक बळ मिळाले.

मात्र याच लेखात त्यांची मोठी उणीवही दिसते, असे मला वाटते. जिहादची सगळी कल्पना बर्लिनची ठरवली की तुर्क नेते केवळ बाहुले उरतात. प्रत्यक्षात 1912-13 च्या बाल्कन युद्धांत त्यांनी युरोपातील बहुतेक सर्व प्रदेश गमावला होता, रशियाची भीती खरी होती, आणि 2 ऑगस्ट 1914 चा जर्मनीशी गुप्त करार एन्व्हर आणि तलत या तरुण तुर्क नेत्यांनी स्वतःच्या हिशेबाने केला होता. परकीयांना दिलेल्या व्यापारी व न्यायविषयक सवलती त्यांनी सप्टेंबरमध्ये रद्द केल्या, तेव्हा तर जर्मनीनेही निषेध नोंदवला. जिहादची घोषणा हे त्यांच्या दृष्टीने ब्रिटिश व फ्रेंच साम्राज्यांतील मुस्लिम प्रजेला हलवण्याचे साधन होते. शिवाय जानेवारी 1913 मध्ये ऐक्य आणि प्रगती समितीने, म्हणजे तरुण तुर्कांच्या संघटनेने, सशस्त्र बळाने सत्ता घेतली होती, म्हणजे 1908 चा संसदीय प्रयोग जिहादच्या आधीच मोडकळीस आला होता.

सुधारकांनी धर्म आणि राज्य वेगळे ठेवले की हुरख्रोन्ये त्यांना प्रगत म्हणत, आणि खलिफाचे नाव घेतले की ते भरकटले असे म्हणत. पण हे वेगळेपण जावामधील डच सत्तेलाही सोयीचे होते, हे ते फारसे मोकळेपणाने मांडत नाहीत. आपल्याकडे 1919 मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली, तेव्हा येथील मुसलमानांनी त्याच खलिफाच्या रक्षणासाठी ब्रिटिशांविरुद्ध आवाज उठवला आणि गांधीजींनी त्यांना साथ दिली. खिलाफत अखेर 3 मार्च 1924 रोजी बरखास्त केली ती अंकारातील तुर्की संसदेनेच. हुरख्रोन्ये तेव्हा लायडनमध्ये हयात होते.

आपण वाचणार असाल तर 1915 चा लेख प्रथम हाती घेऊ नका. 1909 चे इस्तंबूलवरील लेखन आधी वाचा, म्हणजे त्या रागाच्या मागे किती आशा होती ते दिसेल.