प्रश्न तुमचे, उत्तरं आमची : केसपेपरावर न आलेला पेशंट

प्रश्न : मी कोल्हापुरात रेसिडेंट डॉक्टरांना शिकवतो. यंदा चौघांना हृदय आणि फुप्फुसांच्या आजारांतली गाव-शहर, बाई-पुरुष तफावत हा विषय प्रबंधाला द्यायचा आहे. संख्याशास्त्र कच्चं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : संख्याशास्त्र थांबेल. आधी प्रत्येकाला ओपीडीतले सलग शंभर केसपेपर द्या आणि गाव, नेमका व्यवसाय आणि घरातलं इंधन शोधायला लावा. पत्त्यात नुसतं 'कोल्हापूर', व्यवसायात 'शेती' किंवा 'कामगार' आणि इंधनाची नोंदच नाही, असे कागद ढिगानं निघतील. 'शेती'त गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सारणारा येतो आणि बागायतदारही. 'कामगार' इचलकरंजीत मागावर असेल तर छातीत कापसाची धूळ, शिरोलीच्या फाउंड्रीत असेल तर सिलिका. एकाच शब्दात दोन वेगळे आजार बुडतात.

दुसरी चूक मोठी आहे. करवीरहून शंभर पेशंट आले आणि गगनबावड्याहून दहा, म्हणून गगनबावड्यात आजार कमी ठरत नाही. करवीरची वस्तीच मोठी. शिवाय लांबच्या माणसाचा दिवसाचा रोजगार बुडतो, तो दुखणं अंगावर काढतो. जो आलाच नाही तो रजिस्टरात कुठून सापडणार? त्यासाठी गावातच जायला हवं. रेसिडेंटची तिसऱ्या ते पाचव्या सत्रातली जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची नेमणूक ही त्याची संधी. आशाताईंकडच्या कुटुंबांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडावीत. रस्त्याकडेची, सोयीची घरं घेतली तर वाडीवरची माणसं पुन्हा सुटतात. एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र नेमणुकीच्या आधीच हातात हवी, नाहीतर निम्मा काळ कागदांतच जातो.

संख्या किती? एका गटात आजार १० टक्के आणि दुसऱ्यात २० टक्के धरला, तर हा फरक ८० टक्के पॉवरनं, म्हणजे खरा फरक असेल तर शंभरात ऐंशी वेळा सापडेल असा, पकडायला प्रत्येक गटात सुमारे २०० माणसं लागतात. एकेका वाडीतून पुष्कळ माणसं घेतली, तर ती एकमेकांसारखीच असतात. म्हणून दीडपट, म्हणजे ३०० धरा. एकट्या रेसिडेंटला हे झेपत नाही. चौघांनी प्रश्नावली एक ठेवून तालुके वाटून घ्यावेत.

प्रश्नावलीत 'घरात गॅस आहे का?' एवढंच विचारू नका. सिलिंडर असतो, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. 'काल चूल कशाकशासाठी पेटवली, किती वेळ?' असं विचारा. धूर किती घेतला ते मोजायला रोजचे तास गुणिले वर्षं : चार तास, तीस वर्षं म्हणजे १२०. 'तंबाखू खाता का?' याला बाई 'न्हाई' म्हणते आणि ते खरंही असतं, कारण ती मिश्री लावते. मिश्रीचा प्रश्न वेगळा हवा आणि तो सासूसमोर नको.

प्रश्न : साठीच्या बायकांची स्पायरोमेट्री (नळीत श्वास सोडून फुप्फुसांची क्षमता मोजायची चाचणी) निम्म्या वेळा वाया जाते. काय चुकतं? (एक रेसिडेंट)

उत्तर : बहुतेकदा सूचना. 'जोरात फुंका' म्हटलं की त्या चुलीत फुंकणीनं फुंकतात तशा गाल फुगवून थोडं-थोडं फुंकतात. आधी स्वतः करून दाखवा : छाती पूर्ण भरा, नळीभोवती ओठ घट्ट आवळा, एकदम सोडा आणि थांबायला सांगेपर्यंत सोडत राहा. तीन चांगले प्रयत्न हवेत आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोहोंत १५० मिलिलिटरहून जास्त फरक नको. आठ प्रयत्नांत जमलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या, दमलेल्या बाईचे आकडे घसरतच जातात. मग सालबुटामॉल (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) ४०० मायक्रोग्रॅम स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा; सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) ठरवायची ०.७०ची रेषा, म्हणजे पहिल्या सेकंदातली हवा भागिले एकूण सोडलेली हवा त्याहून कमी, या दुसऱ्या मोजणीला लावायची. रोज सकाळी तीन लिटरच्या सिरिंजनं मशीन तपासा. पाठीला बाक असेल तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून लांबी घ्या.

मशीनमध्ये वंशाचा रकाना असेल तर जरा थांबा. 'एशियन' निवडलं की काही जुनी मशीनं अपेक्षित आकडाच कमी धरतात आणि खालावलेली फुप्फुसंही 'नॉर्मल' दिसतात. अपेक्षित आकड्यांसाठी कोणती प्रमाणं वापरली ते प्रबंधात लिहा आणि चारही मशीनवर तीच ठेवा.