रिपोर्टमध्ये सलाईनचा आकडा आहे का, ते बघा

ताई, फोडणीचा खाट, पहाटेचा गारठा, उदबत्ती यांनी नाक गळतं, खाज-शिंका फारशा नाहीत, तरी त्वचेच्या टेस्टमध्ये निम्मी यादी पॉझिटिव्ह. ॲलर्जीची इंजेक्शनं सुरू करू का, असं विचारलंय तुम्ही. माझं हुबेहूब हेच होतं. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

टेस्ट झालीच आहे, तर ती कशी करतात ते सोडतो. रिपोर्टमध्ये हिस्टामिन (कातडीवर गांध उठवणारा पदार्थ) आणि सलाईन (नुसतं मिठाचं पाणी) या दोन ओळी शोधा, ही दोन्ही तुलनेसाठी टोचतात. हिस्टामिनची गांध उठायलाच हवी, सलाईनची उठायला नको. बाकी कुठलीही गांध सलाईनपेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी असेल तरच पॉझिटिव्ह धरतात.

माझ्या कागदावर मिलिमीटर नव्हतेच, नुसती अधिकची चिन्हं. माझ्या कातडीवर नख ओढलं तरी रेघ फुगते. म्हणजे नुसत्या टोचण्यानेही गांध उठणार, पण तिथे कुणी हे विचारलंच नाही. धूळ, गाजरगवत, शेंगदाणा, वांगं, सगळं पॉझिटिव्ह! खान्देशातल्या घरात शेंगदाणा आणि वांगं बंद करायचं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मोजमापं मागितली तर उत्तर मिळालं, "सॉफ्टवेअरमध्ये एवढंच येतं." आणि इंजेक्शनांचं पॅकेज मात्र तयार! पैसे गेले, भरीत गेलं, नाक वाहतंच राहिलं.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी टेस्ट केली तर सलाईनलाही गांध. रक्तातल्या आयजीईतही (ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं) काही निघालं नाही. निदान झालं व्हॅसोमोटर ऱ्हायनायटिस, म्हणजे ॲलर्जी नसताना धूर, गारठा, वास यांनी नाक वाहणं. त्यात इंजेक्शनांचा उपयोग नाही, ती खऱ्या ॲलर्जीसाठी असतात. वांगं निर्दोष होतं हो, ते भाजताना कपाशीच्या काड्यांचा जो धूर व्हायचा, तो नाकाला झोंबायचा.

उलटंही होतं. सेट्रिझिन (ॲलर्जीची गोळी) घेऊन टेस्टला गेलात तर खरी ॲलर्जीसुद्धा टेस्टमध्ये दबते. ती साधारण आठवडाभर आधी थांबवतात, पण विचारूनच. नाकातला स्टिरॉइड स्प्रे चालतो.

गांध खरी असली तरी त्रास तिच्यामुळेच होतो असं नाही. जे खाऊन आजवर काही झालं नाही, ते नुसत्या कागदावरून सोडू नका, असं माझं स्पष्ट मत. खाल्ल्यावर अंगावर उठत असेल किंवा दम लागत असेल तर मात्र स्वतः प्रयोग नकोत.

आणि मेडिकलमधले नाक मोकळं करायचे ते ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे ओढू नका, नाक उलट जास्त चोंदतं. माझं आता ॲझेलास्टिनच्या (नाकात मारायचं अँटिहिस्टामिन औषध) स्प्रेवर बरं चाललंय. तुम्हाला तो लागेल की दुसरा, ते तपासूनच ठरेल. सलाईनचा आकडा सापडला तर इथे लिहा.