राजाला पळायला आवडतं का?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी म्हापशाला राहते, वय २६. दोन वर्षांपूर्वी वाड्यावरचं कुत्र्याचं एक पिल्लू घरी आणलं, त्याचं नाव राजा. मी रोज पहाटे पळते आणि आता अर्धमॅरेथॉनची तयारी करायची आहे. राजाला बरोबर न्यायला लागले, पण तो दर खांबाशी थांबतो, वाटेतल्या कुत्र्यांवर गुरगुरतो, माझी लय काही बसत नाही. आई म्हणते, ‘त्या मुक्या जनावराला कशाला फरफटवतेस?’ आता मलाही शंका यायला लागली आहे. राजाला पळायला खरंच आवडतं, की तो माझ्यासाठी पळतो? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आईची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर राजाकडे नीट बघितलंस की मिळेल.

आमचा बोंडूही गावठीच. काजूच्या पिकल्या बोंडासारखा तांबूस, म्हणून हे नाव. पहाटे मी पळायचे बूट काढले की तो पलंगाखालून बाहेर येतो, आधी पुढचे पाय ताणून आळस देतो, मग मागचे, आणि दाराशी जाऊन बसतो. चपला काढल्या तर जागचा हलत नाही. चपला म्हणजे बाजार, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

आम्ही रायबंदरला राहतो. इथून पणजीकडे मांडवीच्या काठाने जाणारा, पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला तो लांब रस्ता तुला माहीत असेलच. बसगाड्या सुरू व्हायच्या आधी तो आमचाच असतो. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. सुरुवातीला आम्ही चालतच जातो. अंगात ऊब आली की मी ‘चल’ म्हणते आणि बोंडू दुडकीला लागतो. पुढचा उजवा पाय आणि मागचा डावा एकदम पडतो, मग दुसरी जोडी. चार पायांचा दोन ठोक्यांचा ताल. कुत्रा या चालीत फारसा न दमता बराच वेळ जाऊ शकतो, आणि माणसाच्या सावकाश पळण्याशी ती छान जुळते. शेपूट सैल, तोंड उघडं, जीभ आटोक्यात. मधेच तो मान न वळवता फक्त एक कान माझ्याकडे फिरवतो, मी मागे आहे ना ते बघायला. आमच्यामधली दोरी तेव्हा नुसती लोंबत असते, ना त्याची ओढ, ना माझी. मला त्या वेळी जे वाटतं ते एकटीने कितीही वेगात पळून वाटत नाही. एकटी असले की लक्ष श्वासाकडे आणि घड्याळाकडे. बोंडू बरोबर असला की मिठागरातले बगळे दिसतात, कारण तो त्यांच्याकडे बघत असतो. लांबून पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की दोघांचीही चाल आपोआप वाढते.

राजाचं असं होतंय का ते बघ. दोरी सैल आणि अंग सैल, तर त्याला आवडतंय. शेपूट पोटाशी, कान चपटे, सारखे ओठ चाटणं, मागे मागे राहणं, तर त्याला नकोय. त्या दिवशी निमूट घरी यायचं, उद्या बघता येईल.

आता खांबाचं. तो हुंगतो ते वेळ काढायला नव्हे. रात्री तिथून कोण गेलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, हे सगळं त्याला त्या मुतलेल्या जागेवरून कळतं. ते तोडून त्याला ओढत नेलंस तर आईचं म्हणणं खरं ठरेल. त्यापेक्षा त्याला दोन शब्द शिकव. ‘हुंग’ म्हटलं की हवं तितकं हुंगायचं, ‘चल’ म्हटलं की पुढे. सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटं ‘हुंग’ची ठेव, मधला वेळ ‘चल’चा. रोज तीच वाट, तीच वेळ ठेवलीस तर लवकर बसेल.

अर्धमॅरेथॉनच्या तयारीत मात्र त्याला घालू नकोस. २१ किलोमीटरची तयारी तुझी तू कर, आणि आठवड्यातले सावकाश पळायचे दिवस त्याला दे. आधी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं करत महिनाभरात वाढव. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधू नकोस, झटका थेट घशावर बसतो. छातीवरून जाणारा हार्नेस घे. युरोपात कुत्र्याला कमरेच्या पट्ट्याला बांधून शर्यती पळतात, कॅनिक्रॉस म्हणतात त्याला. तिथे कुत्रा पुढून ओढतो. आपल्या रस्त्यांवर स्कूटर कुठून येईल सांगता येत नाही, तेव्हा राजा शेजारीच बरा, आणि तोही गाड्यांपासून लांबच्या बाजूला.

वाटेत दुसरी कुत्री आली तर पळणं थांबव. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा त्यांचा स्वभावच आहे. राजा आणि ती यांच्यामध्ये तू उभी राहा, नजर न भिडवता चालत पुढे जा. गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाला तो वाड्यावाड्यावर फिरून कुत्र्यांना लस टोचल्यामुळेच. तरी राजाची रेबीजची लस वेळच्या वेळी दे, आणि चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन तडक दवाखाना गाठ.

सगळ्यात जास्त जपायचं ते उकाड्याला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि आपल्या दमट हवेत तेही नीट होत नाही. मार्च ते मे सातच्या आत घरी. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजतात. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या, पाय लटपटले तर लगेच सावलीत घे, पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला साधं पाणी ओतत राहा, वारा घाल, आणि डॉक्टरांकडे ने. ‘बघू थोड्या वेळात’ असं कधी करू नकोस.

आणि एकदा आईलाही बरोबर घेऊन जा. दोरी तिच्या हातात दे.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर दहा वर्षांचा आहे. आता पळवला तर वजन उतरेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : पळवू नका. या वयात लॅबच्या कंबरेचे आणि कोपरांचे सांधे बहुधा झिजलेले असतात. वजन ताटातून उतरवा, भात आणि बिस्किटं कमी करा, आणि दिवसातून दोन-तीनदा छोट्या फेऱ्या मारा. मऊ मातीची वाट असेल तर उत्तम. भात कापून झाल्यावरचे शेताचे बांध मला त्यासाठी फार आवडतात, फक्त आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. गोचीडतापाने आपल्याकडे चांगली धडधाकट कुत्री जातात.

प्रश्न : किनाऱ्यावर कुत्र्याला पळवलं तर चालेल का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : चालेल, आणि दोघांनाही मजा येईल. ओहोटीची वेळ बघून जा, तेव्हा पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि मुरगळतात. प्यायचं पाणी बरोबर न्या, खारं पाणी प्यायला तर उलट्या-जुलाब होतात. रापणीचं जाळं ओढून झाल्यावर वाळूत शिंगाळे मासे पडलेले असतात, त्यांचा काटा पंजात शिरला तर फार हाल होतात, म्हणून तेवढा भाग टाळा. तुमच्या तालुक्यात मोरजी आणि आश्वे, दक्षिणेला आगोंद आणि गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबरपासून कासवं अंडी घालायला येतात. कुत्री ती उकरून खातात. त्या किनाऱ्यांवर त्या दिवसांत कुत्रा नेऊच नका, दोरीला बांधूनही नको.

पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे वाहून येतात आणि पंजाच्या गाद्यांना चिकटतात. कुत्र्याने ते चाटायच्या आत खोबरेल तेल चोळून सैल करा, फडक्याने पुसा, मग साबण. रॉकेल किंवा थिनर लावायचा नाही.