सात दिवसांचा युरेल पास घ्यावा का?

नाशिकच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: मे महिन्यात नवरा-बायको, 14 वर्षांची मुलगी आणि 10 वर्षांचा मुलगा असे चौघं 16 दिवसांसाठी युरोपला चाललेत. पॅरिस, लुझर्न, इंटरलाकेन, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, आणि परतीचं विमान पॅरिसहून म्हणून शेवटचे दोन दिवस रोम ते पॅरिस रेल्वेने. एजंट म्हणतो, युरोपातल्या बहुतेक देशांच्या रेल्वेत चालणारा आणि महिनाभरात कुठलेही सात दिवस प्रवास करता येईल असा युरेल पास घ्या, मोठ्यांना 381 युरो, मुलीला 286, मुलगा फुकट. "एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही." विमानाचं तिकीट काढलेलं नाही, व्हिसाही बाकी आहे.

ताई, पत्रातली ही शेवटची ओळ वाचून मला हायसं वाटलं, कारण तुमची मोठी बचत तिथेच आहे. रोमहून पॅरिसला रेल्वेने परत येणं म्हणजे मिलान किंवा तुरीनला गाडी बदलून प्रवासातच दहा-अकरा तास घालवायचे. तुम्ही मधे मुक्काम करताय, म्हणजे हॉटेलची एक रात्रही आली. त्याऐवजी विमानाचं तिकीट 'मल्टी सिटी' पर्यायातून बघा: मुंबई-पॅरिस जाताना, रोम-मुंबई येताना. बऱ्याचदा ते साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपासच मिळतं, आणि थोडं महाग पडलं तरी दोन दिवस वाचतात. मग प्रवासाचे दिवस सातावरून पाचावर येतात आणि सात दिवसांच्या पासची गरजच उरत नाही.

तरीही पासचा हिशोब मांडू, कारण एजंटने अर्धाच सांगितलाय. सोपं जावं म्हणून युरो 100 रुपयांचा धरतो, प्रत्यक्षात थोडा जास्तच पडेल. 381 दोनदा आणि 286, मिळून 1,048 युरो, म्हणजे लाखाच्या वर. पण पास हातात आला म्हणजे जागा मिळाली असं नाही. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही या वेगवान फ्रेंच गाडीत आणि इटलीतल्या तशाच फ्रेच्यारोसा गाड्यांत पासवाल्यांनाही रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे भरावे लागतात. मुलाचा पास फुकट, पण त्याच्या रिझर्व्हेशनला पैसे पडतात. तुमच्या मार्गावर हे सगळं धरून दोनशे युरो सहज वर जातील. शिवाय टीजीव्हीसारख्या गाड्यांत पासवाल्यांच्या जागा मोजक्याच असतात. त्या संपल्या की पास खिशात असूनही गाडी समोरून जाते.

आता सुटी तिकिटं. आपल्याकडे साध्या मेल-एक्स्प्रेसचं भाडं 60 दिवस आधी काढा नाहीतर आठवडाभर आधी, तेच राहतं. तिकडच्या लांबच्या वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं वाढत जातं. पॅरिस-स्वित्झर्लंड, इंटरलाकेन-व्हेनिस, व्हेनिस-फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स-रोम ही चार तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली, तर माणशी 180 युरो मी सढळ हाताने धरतो. मुलांनाही पूर्ण तिकीट लावलं तरी चौघांचे 720. प्रत्यक्षात मुलांना सूट मिळेल. हीच तिकिटं शेवटच्या आठवड्यात काढलीत तर भाव दुप्पट होऊ शकतो, आणि मग एजंटचा पास वाईट दिसत नाही. तेवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

स्वित्झर्लंडचं गणित वेगळं आहे आणि मला विचाराल तर सगळ्यात मजेचंही. तिथे साध्या गाड्यांना रिझर्व्हेशन लागत नाही आणि नेहमीचं भाडं शेवटपर्यंत तेच राहतं, म्हणून घाई करायचं कारण नाही. तिथल्या चार दिवसांसाठी दोन रस्ते आहेत. एक, स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरलेले दिवस बहुतेक गाड्या-बोटींना वेगळं तिकीट लागत नाही. दुसरा, हाफ फेअर कार्ड, म्हणजे महिनाभर जवळजवळ प्रत्येक तिकीट अर्ध्या दरात. तुलनेसाठी दोन्हींचे 2024चे दर घेतो (आजचे बघून घ्या): चार दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास 295 फ्रँक, कार्ड 120. दोघांचे मिळून 590 विरुद्ध 240. मुलांसाठी दोन्हींबरोबर फॅमिली कार्ड फुकट मागून घ्या. 16 वर्षांखालची मुलं आई-वडिलांसोबत बहुतेक गाड्यांत फुकट जातात, डोंगरावरच्या काही रेल्वे सोडून.

पत्रात लिहिल्याप्रमाणे तुम्ही युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फाच्या डोंगरावरच्या उंच रेल्वे स्टेशनला जाणार आहात, म्हणून माझं मत हाफ फेअर कार्डाला. इंटरलाकेनहून तिथलं जाऊन-येऊन भाडं माणशी 200 फ्रँकच्या वर आहे. ट्रॅव्हल पासवर वरच्या टप्प्यात फक्त 25 टक्के सूट मिळते, कार्डावर 50. युंगफ्राउ वगळून रोज नवं गाव, बोट, संग्रहालयं असा बेत असता तर मी उलट सांगितलं असतं.

गोळाबेरीज अशी: सुटी तिकिटं 720 युरो, हाफ फेअर कार्डं आणि स्वित्झर्लंडमधली किरकोळ तिकिटं साडेतीनशेच्या आत. युरेल पासच्या रस्त्याने साडेबाराशे आणि वर. वाचतात किमान 17-18 हजार रुपये, युंगफ्राउची जादा सूट आणि रोममधली जादा संध्याकाळ वेगळी.

आता यातली मेख. ही स्वस्त तिकिटं बहुधा परत होत नाहीत आणि तुमचा व्हिसा अजून झालेला नाही. व्हिसा नाकारला तर हे 720 युरो पाण्यात. म्हणून क्रम बदला. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे तुमच्या तिन्ही देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि बहुतेक जण तो शेवटच्या सहा आठवड्यांवर ढकलतात. तुम्ही नोव्हेंबरातच फाइल द्या. मोठ्यांची फी 90 युरो, ती कधीही भरा, सारखीच. जानेवारीत शिक्का हातात आला की त्याच आठवड्यात चारही तिकिटं काढा.

पैसे भरताना तुमच्या क्रेडिट किंवा डेबिट कार्डाचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा फी, बघा. 3.5 टक्के आणि त्यावर जीएसटी धरून लाखाला 4,100 रुपये जातात. मार्कअप नसलेलं कार्ड मिळत असेल तर आत्ताच अर्ज करा. तिकडे दुकानातल्या यंत्राने "रुपयांत घेऊ का?" विचारलं तर नाही म्हणायचं, तिथला युरो किंवा फ्रँकच निवडायचा.

इटलीत कधी छोट्या लोकल गाडीने गेलात तर कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात ठोकून मगच चढा. मी एकदा विसरलो. तिकीट खरं, पैसे भरलेले, तरी टीसीने शांतपणे दंडाची पावती फाडली. त्या पैशांत चौघांचं रात्रीचं जेवण झालं असतं. बायको अजून काढते तो विषय.

पहिला वर्ग घ्यायची गरज नाही. लुझर्नहून इंटरलाकेनला जाताना दुसऱ्या वर्गातच उजव्या हाताच्या खिडक्या पकडा, तळी त्याच बाजूला आहेत. मायरिंगनला गाडी उलट्या दिशेने निघते, तेव्हा लोक उठून जागा बदलतात. तुम्ही बसूनच राहा, ब्रिएन्झचं तळंही तुमच्याच खिडकीत येतं.