कोथिंबीर मान टाकते तेव्हा पेशीत काय होतं?

प्रश्न: नमस्कार सर, माझा मुलगा आठवीत आहे, वनस्पती पेशी अन प्राणी पेशी यातले फरक पाठ करून राहिला आणि मला ठासून सांगतो की झाडाच्या पेशीत तंतुकणिका नसतेच, कारण झाड हरितलवकात आपलं जेवण बनवून घेतं. शाळेत मायक्रोस्कोपखाली कांद्याची पापडी दाखवली त्यात हिरवं काहीच दिसलं नाही, तर आता विचारतो कांदा वनस्पती नाही काय. आणि एक माझं, हसू नका बरं. मे महिन्यात कॉटन मार्केटमधून आणलेली कोथिंबीर घरी येईस्तोर मान टाकते अन पाण्यात उभी ठेवली की थोड्या वेळात पुन्हा ताठ. याचं पेशीशी काही घेणंदेणं आहे काय?
– एक आई, मानेवाडा

उत्तर: ताई, हसायचं काय त्यात, तुमचा प्रश्न मुलाच्या दोन्हीपेक्षा भारी आहे. पण आधी त्याचं निपटवू.

तंतुकणिका झाडात असतेच, शंभर टक्के. हरितलवक साखर बनवतं, पण त्या साखरेतून पेशीच्या कामाची ऊर्जा काढायला तंतुकणिकाच लागते, पोळ्या लाटून झाल्या म्हणून पोट भरत नाही ना, तसं. शिवाय रात्री हरितलवकाचं काम बंद, आणि मातीतल्या मुळाला तर दिवसाही ऊन नाही, मग ते जगणार कशावर? वहीत दोन रकाने आखून फरक लिहायची सवय लागली की मुलांना वाटतं इकडे आहे ते तिकडे नसणारच. केंद्रक, पेशीद्रव्य, प्रद्रव्यपटल, तंतुकणिका हे सगळं दोघांकडे सारखंच आहे. झाडाकडे वरून तीन गोष्टी जास्तीच्या: बाहेर पेशीभित्तिका, आत मोठी रिक्तिका, आणि लवकं, हरितलवक त्यातलंच एक. (तारककेंद्र, म्हणजे पेशी विभागताना कामी येणारा भाग, मात्र प्राण्यांच्या पेशीत असतं अन आपल्या नेहमीच्या झाडांत नसतं, तो मार्काचा फरक लिहू द्या त्याला.)

आता कांदा. आपण खातो तो भाग जमिनीत वाढतो, तिथे उजेड नाही, म्हणून हरितलवक नाही. त्याच कांद्याची हिरवी पात घेतली असती तर दिसलं असतं. लवकं रूपही बदलतात, आपलं संत्रं थंडी पडली की हिरव्याचं नारिंगी होतं ना, तेव्हा सालीतल्या हरितलवकांचीच वर्णलवकं, म्हणजे रंगीत लवकं, होत असतात.

अन कोथिंबीर! झाडाच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत रिक्तिका कधीकधी 90 टक्के जागा खाते, म्हणजे पाण्याने भरलेली मोठी पिशवीच, ती आतून दाबते, बाहेरची सेल्युलोजची भिंत तो दाब धरून ठेवते आणि पान ताठ राहतं, हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबवर टायर असतो तसं. 45 डिग्रीत पाणी उडालं, दाब गेला, मान पडली. पण पेशी अजून जिवंत असतात, भिंतही शाबूत, म्हणून देठातून पाणी मिळालं की परत फुगतात. आपल्या पेशीला ही भिंत नाही. रक्तातली लाल पेशी साध्या पाण्यात टाकली तर पाणी ओढत फुगते आणि फुटते, सलाइनमध्ये 0.9 टक्के मीठ असतं ते याचसाठी. कांद्याची पेशी साध्या पाण्यात मजेत बसते.

या भिंतीपायी विभाजनही वेगळं होतं, प्राण्याची पेशी मधे आवळत जाऊन तुटते, झाडाची पेशी मधोमध नवी भिंत घालून घेते. आणि 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाच्या चकतीत ज्या खोल्या पाहून ‘सेल’ हे नाव दिलं, त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंतीच होत्या, आत काहीच उरलेलं नव्हतं.

मुलाला शाळेत पुन्हा मायक्रोस्कोप मिळाला तर लाल कांद्याची बाहेरची गुलाबी पापडी न्यायला सांगा, रंग वगैरे टाकायची गरज नाही कारण तो गुलाबी रंग रिक्तिकेतच असतो. त्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब, मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं. बघता बघता गुलाबी भाग आकसून मधे गोळा होतो आणि भिंत जागची हलत नाही. मग लगेच, फार वेळ न घालवता, मीठ धुऊन साधं पाणी सोडायचं, गुलाबी हळूहळू परत भिंतीपर्यंत पसरतो. तुमच्या कोथिंबिरीच्या पेशीतूनही पाणी असंच निघून जातं अन परत येतं, फक्त तिथे मिठाऐवजी नागपूरचं ऊन असतं.